भाड्याच्या घरात ढेकूण झालेत? आधी हॉलमधे झोपायला जाणं बंद करा

तीन भाड्याच्या घरांत ढेकणांशी भांडून झालंय, आणि त्यातल्या एका घरात तर माझ्याच अतिशहाणपणामुळे दुप्पट वेळ गेला. कोणालाही विचारा, सल्ले तेच. गादी उन्हात टाका, डांबराच्या गोळ्या ठेवा, रॉकेल मारा. उन्हात गादीचं वरचं कापड तापतं आणि ढेकूण खालच्या बाजूला सरकून निवांत बसतात. डांबराच्या गोळ्यांनी फक्त तुमचं डोकं दुखेल. आणि रॉकेल किंवा स्पिरिट मारून घर पेटवून घ्यायचं असेल तर मग बोलणंच खुंटलं.

आधी खात्री करा. अंगावरच्या गांध्यांवरून ठरवू नका, डासाच्या पण तशाच दिसतात आणि काही जणांना गांधी उठतच नाही, एकाच पलंगावर झोपणाऱ्या दोघांतला एक रात्रभर खाजवतो आणि दुसरा म्हणतो मला तर काही चावत नाही. टॉर्च घेऊन गादीची शिवण, डोक्याकडची फळी आणि स्क्रूची भोकं बघा. शाईचे असावेत तसे काळे ठिपके, टाकलेली कात, साधारण १ मिलिमीटरची पांढरी अंडी, नाहीतर ५ ते ७ मिलिमीटरचा चपटा तपकिरी ढेकूण स्वतः. काळा ठिपका ओल्या कापसाने पुसला आणि लालसर तपकिरी पसरला, की विषय संपला.

मग घरमालक. फोटो काढून त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर बोललात तरी नंतर मेसेज टाकाच, डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी तोच कामाला येतो. "आधी कधीच नव्हते, तुम्हीच आणले" हे ऐकायची तयारी ठेवा. हा वाद कोणीच जिंकत नाही, कारण ढेकूण न खाता कित्येक महिने जगतो, म्हणजे आधीच्या भाडेकरूचे पण असू शकतात आणि तुमच्या बॅगेतून आलेले पण. त्यात न शिरता माणूस कधी पाठवताय एवढंच विचारा, आणि खर्च कोणाचा ते ॲग्रीमेंटमधे बघा. शेजारी, वर, खाली राहणाऱ्यांनाही सांगा, लाज वाटली तरी. पाइप आणि वायरीच्या भोकांतून हे इकडेतिकडे जातात आणि एकच घर फवारलं तर ते भिजत घोंगडं होतं.

कपडे, चादरी कडक गरम पाण्यात धुवा किंवा ड्रायर असेल तर फुल हीटवर अर्धा तास फिरवा, आणि पिशवीत घट्ट बांधून ठेवा. झालं.

आता पलंग. इथेच माझी वाट लागली होती.

पहिल्यांदा ढेकूण दिसले तेव्हा मी काय केलं, तर उशी-पांघरूण उचललं आणि हॉलमधे सोफ्यावर झोपायला गेले. पांघरुणाबरोबर दोन-चार गेलेच असणार, आणि मागे राहिलेल्यांना जेवण हवंच की. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर ते येतात. तीन आठवड्यांनी सोफ्याच्या शिवणीत पण काळे ठिपके. एका खोलीचं दुखणं मी दोन खोल्यांचं करून ठेवलं. म्हणून कितीही किळस आली तरी झोपायचं आपल्याच पलंगावर, फक्त त्या पलंगाचं बेट करायचं.

त्यासाठी पलंग पूर्ण खोला. पूर्ण म्हणजे फळ्या वेगळ्या, स्क्रू बाहेर. प्रत्येक खाच व्हॅक्यूमने ओढा आणि पिशवी लगेच बांधून घराबाहेर टाका. अंडी चिकटलेली असतात, नुसत्या व्हॅक्यूमने निघत नाहीत, म्हणून आधी जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. हे आळसाने अर्धवट केलंत तर बेटावर तुम्ही आणि ढेकूण एकत्र अडकाल, ते मी पण करून बघितलंय. गादीला चेन असलेलं पूर्ण बंद कव्हर घाला आणि वर्षभर काढू नका, आतले आतच मरू देत.

मग पलंग भिंतीपासून वीतभर लांब, आणि प्रत्येक पायाखाली दोन वाट्या. लहान वाटी मोठीत, पाय लहानीत. मोठीला बाहेरून कागदी टेप लावा म्हणजे जमिनीवरून येणाऱ्याला चढता येईल, आतून मात्र गुळगुळीत प्लॅस्टिकच हवं, वर टाल्कम पावडरचा पातळ हात फिरवा. ढेकणाला उडता येत नाही, उडी मारता येत नाही, गुळगुळीतवर चढता येत नाही. येतो तो पडतो आणि तिथेच राहतो. पण एक चादर जमिनीला टेकली, एक चार्जरची वायर लोंबली, पलंगाखाली एक बॅग सरकवली की सगळं पाण्यात. माझ्याकडे आठ दिवस वाट्या रिकाम्या होत्या आणि मी खुश, चावणं मात्र चालूच. मच्छरदाणीचं टोक भिंतीच्या खिळ्याला बांधलेलं होतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आता मी सांगतेय. पाय नसलेला बॉक्सवाला पलंग असेल तर ही युक्ती चालत नाही, तेवढ्यापुरती पायांची लोखंडी कॉट मागून आणा.

फवारणी माहीतगार माणसाकडूनच करा. धुराचे डबे फोडू नका, धूर फटीच्या आत जातच नाही आणि ढेकूण आणखी आत पळतात. बहुतेक औषधांनी अंडी मरत नाहीत आणि ती उबेत ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. घरमालक इथे म्हणतो आता दिसत नाहीत ना, कशाला. तेव्हा वाटीतला ढेकूण पारदर्शक टेपवर चिकटवून तारीख घालून दाखवा. आणि फवारल्यावर तिथल्या कडाकोपऱ्यांवरून पुसणं मारू नका, औषध तिथे राहायला हवंय.

वाट्या दर आठवड्याला तपासा, पावडर परत लावा. सलग दोन महिने ना ढेकूण ना चावा, तर सुटलात. मी तरी वाट्या नवीन घरात पण पहिल्या दिवशीच लावते, सामान उघडायच्या आधी.