अंगणवाडीचं मानधन: वाटाघाटीला बसण्याआधी आणि बसल्यावर

मागणीपत्र लिहिण्याआधी सध्याच्या मानधनाची फोड करा. केंद्राने 1 ऑक्टोबर 2018 पासून सेविकेसाठी 4,500 रुपये ठरवले. त्यातही केंद्राचा वाटा 60 टक्के, म्हणजे दिल्लीहून येतात 2,700. महाराष्ट्रात 2023 साली मानधन 10,000 झालं, 2024 मध्ये 13,000. वरची सगळी भर राज्याची आहे. म्हणून मागणीपत्रं दोन हवीत: एक केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाला, एक राज्याच्या विभागाला. एकच कागद दोन्हीकडे गेला की राज्य केंद्राकडे बोट दाखवतं, केंद्र राज्याकडे. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना प्रत जरूर द्या, पण मानधन त्यांच्या हातात नसतं.

विभागाने प्रस्ताव केला तरी फाईल अडते ती वित्त विभागात. तेव्हा खर्चाचा हिशोब आपणच जोडावा. एक लाख सेविकांना महिना 1,000 रुपये वाढ म्हणजे वर्षाला 120 कोटी. मदतनिसांचा आकडा वेगळा काढा, नाहीतर चर्चेत त्यांचीच वाढ आधी कापली जाते.

मागणीपत्र ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोचलं पाहिजे. मार्चच्या अर्थसंकल्पाचे अंदाज आधीच्या काही महिन्यांत बनतात. एप्रिलनंतर गेलात तर ‘तरतूद नाही’ हेच उत्तर मिळतं आणि पुरवणी मागण्यांची, म्हणजे वर्षाच्या मधे मंजूर होणाऱ्या जादा तरतुदींची, वाट बघावी लागते.

खरी लढत मात्र आकड्यापेक्षा पैसे कुठल्या नावाने मिळतात याची आहे. टेबलावर बहुतेक वेळा प्रोत्साहन भत्त्याचा पर्याय येतो: मानधन थोडं, बाकी कामगिरीवर. घाईने हो म्हणू नका. भत्ता ॲपवरच्या नोंदींना जोडला की पाड्यावर रेंज नसली, मोबाईल बंद पडला, तरी बाईचे पैसे जातात. काम तिने केलेलं असतं. शिवाय ग्रॅच्युइटीचा, म्हणजे सेवा संपताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचा, प्रश्न आहे. अंगणवाडी सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 ला दिला. ग्रॅच्युइटीचं सूत्र असं: मासिक वेतन भागिले 26, गुणिले 15, गुणिले सेवेची वर्षं. 13,000 आणि 25 वर्षं धरली तर 1,87,500 रुपये. मानधनात 2,000 वाढले तर हीच रक्कम जवळपास 29,000 नी वाढते. तेच 2,000 भत्ता म्हणून आले तर ते या हिशोबात धरले जातील याची शाश्वती नाही. हे गणित सभेत फळ्यावर मांडा, बायकांना लगेच पटतं.

बैठकीला कृती समितीचे, म्हणजे संघटनांच्या एकत्रित समितीचे, पाच-सात जण पुरे. त्यातल्या एकीने फक्त लिहायचं: कोण बोललं, काय कबूल केलं, कधीपर्यंत. इतिवृत्ताची प्रत मागून घ्या आणि आपल्या नोंदींशी ताडून पाहा. संप चालू असेल तर तो मागे घेण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी हव्यात: वाढ कोणत्या तारखेपासून, मागचा फरक कधी मिळणार आणि संपकाळातल्या मानधनाचं काय. 4 डिसेंबर 2023 ला सुरू झालेला संप जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. इतक्या दिवसांचं मानधन गेलं तर घर उधारीवर येतं, म्हणून तिसरा मुद्दा शेवटी ढकलू देऊ नका.

शासन निर्णय आला की आधी लागू होण्याची तारीख वाचा. ‘निर्गमित झाल्यापासून’ असं लिहिलेलं असेल तर मागचा फरक बुडतो. दुरुस्तीचं पत्र त्याच आठवड्यात द्या आणि पोचपावती घ्या.