खाऱ्या वाऱ्यात जुनी डॉज चालती करताना

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर असेल आणि कुणाच्या तरी शेडमध्ये वर्षानुवर्षे उभी असलेली डॉज किंग्जवे किंवा प्लिमथ हाती येणार असेल, तर इंजिन सुरू होते की नाही या प्रश्नाला पहिले स्थान देऊ नये. या गाड्यांचे इंजिन सहसा वाचलेले असते, पत्रा वाचलेला नसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर जुन्या गाडीचे निम्म्याहून अधिक काम मिठाशी आणि दमट हवेशी असते, त्यामुळे पुण्यात किंवा कोल्हापुरात कामाचा जो क्रम चालतो तो येथे जसाच्या तसा चालत नाही. पुढील माहिती १९५०च्या दशकातील क्रायस्लर घराण्याच्या सहा सिलिंडरच्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. या गाड्या अमेरिकन म्हणवत असल्या तरी त्यांतील पुष्कळशा मुंबईत जोडलेल्या आहेत. वालचंद उद्योगसमूहाने १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो तयार होत. शेवरोलेसाठी जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ते १९५४ या काळात चालू होता. मुंबईतील जुन्या मिस्त्रींकडे आणि भंगारवाल्यांकडे या गाड्यांचे भाग आजही अधूनमधून निघतात, त्याचे कारण हेच आहे.

गाडी पाहायला जाताना जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि अंथरायला जुनी चादर बरोबर घ्यावी. दारांखालचे सिल, पायांखालचा फ्लोअर, डिकीचा तळ आणि मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) शॅकल, म्हणजे जोडकड्या, चेसिसला जेथे धरतात ती जागा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहावी. टोक आत शिरले तर तेथे रंगाखाली पत्रा नाही असे समजावे. फ्लोअर आणि सिल नवे बनवता येतात, पण चेसिसच कुजलेली असेल तर किंमत कितीही पडती असली तरी गाडी सोडून द्यावी.

बोनेट उघडल्यावर मूळ इंजिन आहे ना, हे पाहावे, कारण पेट्रोलचा खर्च परवडत नाही म्हणून अशा कित्येक गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसवले गेले. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल, इंधन भरणे अशा कामांपुरतीच ती चालवता येते. चेसिस क्रमांक नोंदणी पुस्तिकेशी जुळल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये.

दोघांचे काम, एकाची वही

मित्रासोबत काम करणे आनंदाचे असते, पण गाडी कुणाच्या नावावर राहील, खर्च कसा वाटायचा आणि एकाने मध्येच अंग काढले तर काय करायचे, हे आधी कागदावर लिहावे. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणणाऱ्यांनी क्रोमिअम प्लेटिंगचे बिल एकदा पाहावे. कामाची विभागणी मात्र सोपी आहे. एकाने पाना धरावा आणि दुसऱ्याने वही. प्रत्येक भाग उतरवण्याआधी फोटो, उतरवल्यावर वहीत नोंद, आणि त्याचे नटबोल्ट झाकणाच्या बरणीत थोडे इंजिन ऑइल ओतून चिठ्ठीसह ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशव्या सगळीकडे सुचवल्या जातात, पण कोकणातल्या दमट हवेत बंद पिशवीत पाणी धरते आणि आतल्या आत बोल्ट गंजतात.

जागेसाठी खळ्यात मांडव घालायचा असेल तर जमीन आधी टणक करून घ्यावी, शक्यतो कोबा करावा. गाडी उचलून ठेवण्यासाठी जांभ्याचे चिरे अंगणात आयते पडलेले असतात, तरी ते कधीही वापरू नयेत, कारण चिरा एका कडेवर भार आला की काही न कळवता फुटतो. लोखंडी स्टँडच हवेत. इंजिन काढताना चेन पुली घराच्या वाशाला किंवा तुळईला अडकवू नये. अडीचशे किलोंच्या वरचे ते धूड आहे, त्यासाठी तीन पायांची लोखंडी घोडी भाड्याने आणावी.

जॅक लावण्यापूर्वी या गाड्यांच्या दोन खोडी माहीत असल्या पाहिजेत. पहिली अशी की हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून गिअरबॉक्सच्या मागे असलेल्या ड्रमवर काम करतो. त्यामुळे मागचे एक चाक जमिनीवरून उचलले की डिफरन्शियलमधून (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरपेटीतून) ते उलटे फिरू लागते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडण लावल्याखेरीज मागे जॅक लावू नये. दुसरी खोड म्हणजे डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सैल होतात, आणि हे ठाऊक नसलेला तरुण मेकॅनिक पाइप लावून जोर करतो व बोल्ट तोडतो.

मीठ आधी, गंज नंतर

गंज घासून काढला म्हणजे काम झाले, हा समज किनाऱ्यावर महागात पडतो. पत्र्याच्या खड्ड्यांत बसलेले मीठ हवेतील ओल ओढत राहते आणि वरून कितीही चांगला प्रायमर मारला तरी खाली गंज पुन्हा धरतो. त्यामुळे सुटी केलेली प्रत्येक वस्तू आधी गोड्या पाण्याने धुवावी, घासावी आणि पुन्हा धुवावी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, ते या कामाला वापरू नये. पागोळ्यांखाली पिंप ठेवून साठवलेले पावसाचे पाणी यासाठी उत्तम, मात्र पहिल्या एक-दोन सरींत कौले धुऊन जाऊ द्यावीत.

लहान भागांसाठी, म्हणजे ब्रॅकेट, बिजागऱ्या, ब्रेकच्या लोखंडी पट्ट्या यांसाठी, विजेच्या साहाय्याने गंज काढण्याची पद्धत घरी सहज जमते. प्लास्टिकच्या पिंपात पाणी घेऊन चार-पाच लिटरला एक मोठा चमचा या प्रमाणात धुण्याचा सोडा विरघळवावा. गंजलेला भाग तारेने मधोमध टांगून बॅटरी चार्जरच्या उणे टोकाला जोडावा आणि साध्या लोखंडाची सळई धन टोकाला जोडून, भागाला चिकटणार नाही अशी उभी करावी. चार्जर सुरू केल्यावर भागाभोवती बारीक बुडबुडे येऊ लागतात आणि काही तासांनी तपकिरी फेस वर जमतो. स्टेनलेस स्टीलची सळई अजिबात वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमिअम पाण्यात उतरते. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा हे काम उघड्यावर करावे, जवळ विडी-काडी नको, आणि तारांना हात लावण्याआधी चार्जर बंद करावा. बाहेर काढलेला भाग काळा दिसतो. तो धुऊन, उन्हात कडक तापवून, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर नारिंगी पूड दिसते.

पत्र्याचे आणि रंगाचे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेरपर्यंत उरकावे. त्या दिवसांतही सकाळी दव असते, त्यामुळे पत्रा चांगला तापल्यावरच रंगाची स्प्रे गन हातात घ्यावी. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असताना रंग मारू नये, आणि जुन्या पद्धतीचा एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग तर त्याहून कमी ओलीतही पांढरट पडतो. हार्डनर मिसळून मारायच्या आधुनिक रंगांत आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असते, जे साध्या कापडी मास्कने अडत नाही. शेवटचा रंग बूथ (रंगकामाची बंदिस्त खोली) असलेल्या पेंटरकडे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सिल आणि दारांच्या पोकळीत मेणयुक्त गंजरोधक फवारावा आणि तळाची पाणी जाण्याची भोके मोकळी ठेवावीत. पावसाच्या तोंडावर गाडीखाली जळके ऑइल मारण्याची आपल्याकडची रीत मात्र सोडावी, कारण ते रबरी बुश फुगवते आणि त्यावर बसलेली धूळ ओल धरून ठेवते.

मृग लागला की कामाने घरात यावे. पावसाळ्याचे महिने इंजिन, कार्ब्युरेटर, डायनॅमो आणि वायरिंग यांचे आहेत.

इंजिन आणि वीज

हे इंजिन साइड-व्हॉल्व्हचे आहे, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी असतात. बरीच वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पिस्टनपेक्षा व्हॉल्व्हच अधिक वेळा अडकतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे पातळ) ऑइल सोडावे, व्हॉल्व्हच्या दांड्यांवरही टाकावे, आणि काही दिवस मुरू द्यावे. त्यानंतर क्रँकच्या नटावर लांब पाना लावून इंजिन किंचित पुढे, किंचित मागे असे हलवावे. गाडीला दोर बांधून गिअरमध्ये ओढण्याचा मोह टाळावा.

इंजिन मोकळे झाल्यावर लगेच सुरू करण्याऐवजी रेडिएटर आणि वॉटर पंप उतरवावा. पंपाच्या मागे ब्लॉकमध्ये इंजिनच्या लांबीभर पत्र्याची चपटी नळी असते, जी मागच्या सिलिंडरांपर्यंत थंड पाणी पोहोचवते. अनेक वर्षे विहिरीचे पाणी भरलेल्या इंजिनात या नळीचा चुरा झालेला असतो. आकड्याच्या सळईने ओढली की ती तुकड्यातुकड्यांनी येते, आणि तिच्यामागून तांबडा चिखल. नळी न बदलता गाडी चालवली तर पुढचा भाग ठीक राहतो आणि मागची सिलिंडरे तापून व्हॉल्व्ह जळतात. पुढे बोअरिंग किंवा क्रँक ग्राइंडिंग करावे लागले तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात जाणे उत्तम; तेथील कारागिरांना जुन्या इंजिनांची सवय आहे.

पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचाच घ्यावा, कारण आताच्या २० टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलने जुने रबर खराब होते. रिकामी टाकीही पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते, ती घरी वेल्डिंग करू नये.

१९५५पर्यंतच्या मॉडेलांत विजेची यंत्रणा सहा व्होल्टची असून तिचे धन टोक बॉडीला जोडलेले असते, हे बॅटरी बसवणाऱ्याला दोनदा सांगावे. सहा व्होल्टला तेवढ्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून बाजारातील बारा व्होल्टची सडपातळ केबल लावली की स्टार्टर रडतो आणि दोष नाहक स्टार्टरला मिळतो. केबल जाड घ्यावी आणि अर्थिंगच्या (बॉडीला वायर जोडण्याच्या) जागा खरवडून चकचकीत कराव्यात. वायरिंगसाठी बंदरावरील दुकानांत होड्यांकरिता मिळणारी कथिल चढवलेली तांब्याची वायर घ्यावी. ती महाग असते, पण खाऱ्या हवेत हिरवी पडत नाही.

ब्रेक

इंजिन सुरू झाल्यावर गाडी बाहेर काढण्याची घाई दोघांनाही होते, म्हणून ब्रेकचे काम त्याआधी संपवावे. संपूर्ण गाडीला एकच मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने चाकांकडे ब्रेक ऑइल ढकलणारा) आहे. एक नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक जातो. लोखंडी नळ्या सरसकट बदलाव्यात आणि नव्या शक्यतो तांबे-निकेलच्या घ्याव्यात. मागचा ड्रम निमुळत्या अॅक्सलवर घट्ट बसलेला असतो, तो हातोड्याने न ठोकता दणकट पुलरनेच काढावा. आतील धूळ कॉम्प्रेसरने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक अॅस्बेस्टॉस असते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढण्याचे काम मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरू करावे. एक जण पेडलवर, दुसरा गाडीखाली चाकामागच्या निपलपाशी (हवा सोडण्याच्या स्क्रूपाशी). खालचा म्हणतो “दाब”, वरचा पेडल दाबून म्हणतो “धरलाय”, खालचा निपल उघडून नळीतून येणारे बुडबुडे पाहतो, निपल बंद करतो आणि मगच म्हणतो “सोड”. निपल बंद होण्याआधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, त्यामुळे आपल्याकडे ते दरवर्षी पावसाळ्यानंतर बदलणे बरे.

नोंदणीचे कागद हातात आल्यावर पहिली फेरी घाटात किंवा बाजारपेठेत न नेता सपाट, मोकळ्या रस्त्यावर, देखभालीची चाचणी म्हणूनच घ्यावी. चार-पाच किलोमीटरनंतर थांबून प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांपेक्षा गरम लागले तर तेथील ब्रेकचा शू ड्रमपासून सुटत नाही. ते चाक थंड झाल्यावर अॅडजस्टर मोकळा करावा, शू पूर्ण सुटतो याची खात्री करावी आणि मगच घराकडे वळावे.