डेस्कटॉपवर घड्याळ लावताय? अलार्म आणि डिस्प्लेच्या या चुका टाळा

डेस्कटॉपवर घड्याळाचा प्रोग्राम टाकला की पहिला अर्धा तास कशात जातो, तर फॉन्ट कुठला, रंग कुठला, काट्यांचं हवं की डिजिटल, बॅकग्राउंड पारदर्शक ठेवायची का नाही. आणि अलार्म? तो शेवटी घाईघाईत एक वेळ टाकून सेव्ह. मग तो वाजला नाही की प्रोग्राम फालतू, अनइन्स्टॉल, दुसरा शोधा, आणि दुसराही वाजत नाही. कारण अलार्म वाजायला कॉम्प्युटर जागा लागतो, प्रोग्राम चालू लागतो आणि आवाजाला बाहेर पडायला वाट लागते, आणि यातलं फारसं काहीच घड्याळाच्या सेटिंगच्या खिडकीत नसतं, ते सगळं सिस्टिमच्या पोटात कुठेतरी दडलेलं असतं.

कॉम्प्युटरच झोपलाय, वाजवणार कोण?

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. लॅपटॉपचं झाकण मिटलं किंवा पीसी स्लीपमध्ये गेला की घड्याळाचा प्रोग्राम आहे तिथेच थांबतो, आणि सकाळी झाकण उघडल्यावर सहाचा अलार्म साडेआठला ठणाणा करतो नाहीतर नुसतं 'अलार्म चुकला' असं नोटिफिकेशन दाखवतो. विंडोजच्या स्वतःच्या क्लॉक ॲपमध्ये तर अलार्मच्या पानावर लिहूनच ठेवलंय की पीसी जागा असेल तरच नोटिफिकेशन दिसेल, पण ती ओळ वाचतो कोण.

आता यावर उपाय आहे पण तो दोन्ही बाजूंनी करावा लागतो. आधी घड्याळाच्या प्रोग्राममध्ये 'वेक फ्रॉम स्लीप' असा काही चेकबॉक्स आहे का बघा, असेल तर टिक करा. पण तेवढ्याने भागत नाही, विंडोजनेही परवानगी द्यायला हवी. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे तुमच्या प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात 'स्लीप' उघडलं की खाली 'अलाउ वेक टायमर्स' दिसेल. लॅपटॉपवर याच्या दोन ओळी असतात, एक बॅटरीवर असतानाची आणि एक चार्जर लावलेला असतानाची, आणि लोक एक बदलतात आणि दुसरी विसरतात, मग चार्जर लावला त्या दिवशी अलार्म वाजतो आणि नाही लावला त्या दिवशी वाजत नाही आणि माणूस चक्रावून जातो. तिथे 'इम्पॉर्टंट वेक टायमर्स ओन्ली' असाही पर्याय असतो, तो निवडून समाधान मानू नका, तो अपडेटनंतरच्या रीस्टार्टसारख्या सिस्टिमच्या कामांसाठी आहे, तुमचा अलार्म विंडोजच्या लेखी महत्त्वाचा नाही. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही कारण त्यांची स्लीपची पद्धतच वेगळी आहे, तिथे अलार्मच्या वेळेपर्यंत स्लीप बंद ठेवणं हाच सरळ मार्ग.

प्रोग्राममध्ये जागं करायची सोयच नसेल तर विंडोजमधला टास्क शेड्यूलर वापरा, तो ठरलेल्या वेळी ठरलेलं काम आपोआप चालवतो. वेळ द्या, आवाजाची फाइल उघडायला सांगा, आणि 'कंडिशन्स' टॅबमध्ये 'वेक द कम्प्युटर टू रन धिस टास्क' टिक करा. पण थांबा, त्याच टॅबमध्ये 'एसी पॉवरवर असेल तरच चालव' अशी एक टिक आधीपासून केलेलीच असते, ती काढली नाहीत तर बॅटरीवर असताना सगळं मुसळ केरात. लिनक्सवाल्यांसाठी आरटीसीवेक नावाची कमांड आहे, ठरलेल्या वेळी मशीन जागं करते.

आणि पूर्ण शटडाउन केलेल्या कॉम्प्युटरकडून अलार्मची अपेक्षा करू नका. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ठरावीक वेळेला पीसी आपोआप सुरू करायची सोय असते, पण सुरू झाल्यावर लॉगिन कोण करणार आणि प्रोग्राम कधी उघडणार, हा उपद्व्याप सहसा कोणी करू नये. माझं स्पष्ट मत, पहाटे उठायचा अलार्म फोनवर लावा. डेस्कटॉपचं घड्याळ कामाच्या मधल्या आठवणींसाठी झकास आहे, मीटिंग, औषध, डोळ्यांना आराम वगैरे, कारण तेव्हा तुम्ही समोर असता आणि मशीनही जागं असतं.

टेस्ट करताना पण लोक एक गोष्ट चुकवतात, दोन मिनिटांनंतरचा अलार्म लावतात, स्क्रीनसमोर बसून राहतात, वाजला की खूश. ती टेस्टच नव्हे. पाच मिनिटांनंतरचा लावा, मशीन स्वतःच्या हाताने स्लीपमध्ये टाका, चार्जर काढा आणि मग बघा.

फुलीवर क्लिक केलं म्हणजे काय झालं

काही प्रोग्राम फुलीवर क्लिक केलं की ट्रेमध्ये, म्हणजे टास्कबारच्या टोकाला असलेल्या छोट्या आयकॉनांत, जाऊन बसतात आणि काही सरळ बंद होतात, आणि दोन्ही दिसायला सारखंच दिसतं. टास्कबारवरच्या वेळेजवळ जो वर दाखवणारा बाण असतो त्यावर क्लिक करून आयकॉन आहे का बघा, नसेल तर सेटिंगमध्ये 'क्लोज टू ट्रे' शोधा. रीस्टार्टनंतर प्रोग्राम उठतच नसेल तर टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये तो 'डिसेबल्ड' दिसतोय का बघा, पीसी फास्ट करायच्या नादात आपणच कधीतरी सगळं बंद करून ठेवलेलं असतं.

वाजला, पण ऐकूच आला नाही

अलार्मचा आवाज शक्यतो डिफॉल्ट आउटपुटवर जातो. ब्लूटूथ हेडफोन जोडलेला आणि टेबलावर पडलेला असेल तर अलार्म इमानदारीत त्या हेडफोनमध्ये वाजतो, टेबलाला ऐकू जातो. तसंच एचडीएमआयने मॉनिटर जोडला की विंडोज कधीकधी आवाज मॉनिटरकडे वळवतं, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतो. घड्याळात आउटपुट निवडायची सोय असेल तर तिथे 'डिफॉल्ट' न ठेवता स्पीकरचं नाव निवडून ठेवा.

व्हॉल्यूम मिक्सरही उघडून बघा, प्रत्येक प्रोग्रामचा आवाज तिथे वेगळा असतो आणि घड्याळाचा कधीतरी म्यूट करून ठेवलेला असतो. आणि आवडतं गाणं डाउनलोड्स फोल्डरमधून निवडलंय? पुढच्या साफसफाईत ते उडणार, मग काही प्रोग्राम साधी बीप देतात आणि काही गुपचूप बसतात. एक वेगळं फोल्डर करून फाइल तिथे ठेवा, क्लाउडच्या फोल्डरमध्ये नको, नेट नसलं आणि फाइल मशीनवर उतरलेलीच नसली तर वाजणार काय. शिवाय सुरुवातीला वीस सेकंद मंद तानपुरा असलेलं गाणं अलार्मला काय कामाचं.

'डू नॉट डिस्टर्ब' हे वेगळंच प्रकरण. प्रेझेंटेशन किंवा गेम फुल स्क्रीन चालू असताना विंडोज ते आपोआप लावू शकतं, मग प्रोग्राम फक्त नोटिफिकेशनच्या भरवशावर असेल तर काही दिसणार नाही. त्याचे आपोआपवाले नियम बंद करा, नाहीतर अलार्मला नोटिफिकेशनऐवजी स्वतःची खिडकी उघडायला सांगा.

एम आणि एचचा घोळ

आता माझा आवडता विषय. घड्याळाचं स्वरूप 'कस्टम' करायला गेलात की अक्षरांचे कोड येतात. विंडोजच्या पद्धतीत स्मॉल एच म्हणजे १२ तासांचं आणि कॅपिटल एच म्हणजे २४ तासांचं, स्मॉल एम म्हणजे मिनिटं आणि कॅपिटल एम म्हणजे महिना. आता तारखेत महिन्याच्या जागी स्मॉल एम दोनदा टाकला तर तारीख दिसते १४/३७, मिनिटाभराने १४/३८, आणि माणूस म्हणतो कॅलेंडर बिघडलं. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बघितलं तर १४/०५ दिसतं आणि कोणाला शंकासुद्धा येत नाही, म्हणून ही चूक कितीतरी दिवस पकडलीच जात नाही.

त्यात भर म्हणजे रेनमीटर या डेस्कटॉप सजवायच्या प्रोग्रामच्या स्किनमध्ये आणि लिनक्सच्या बऱ्याच पॅनलमध्ये टक्क्याच्या चिन्हाने सुरू होणारे कोड असतात आणि तिथे नेमकं उलटं, कॅपिटल एम म्हणजे मिनिटं आणि स्मॉल एम म्हणजे महिना! तिथे २४ तासांसाठी कॅपिटल एच आणि १२ तासांसाठी कॅपिटल आय. त्यामुळे एका प्रोग्रामचा फॉरमॅट दुसऱ्यात कॉपी-पेस्ट करू नका, त्या प्रोग्रामची हेल्प उघडून बघा.

१२ तासांचं स्वरूप घेतलं आणि एएम-पीएमचा कोड टाकला नाही तर दिसायला सुटसुटीत दिसतं पण अलार्म लावताना गडबड होते. दुपारचे बारा म्हणजे पीएम आणि मध्यरात्रीचे बारा म्हणजे एएम, हे भलेभले उलटं लावतात. निदान अलार्मच्या खिडकीत तरी २४ तासांचं ठेवा. आणि 'एकदाच' की 'रोज' तेही बघा, बऱ्याच ठिकाणी दिवस निवडले नाहीत तर अलार्म एकदा वाजून स्वतःच बंद होतो.

दिसण्याच्या भानगडी

सेकंद दाखवताय आणि घड्याळ दर सेकंदाला डावी-उजवीकडे थरथरतंय? फॉन्टमध्ये १ हा अंक ८ पेक्षा अरुंद आहे म्हणून ते होतं, सगळे अंक समान रुंदीचे असलेला फॉन्ट लावा, लगेच थांबेल. अंक धूसर दिसत असतील तर डिस्प्लेचं स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवायचं प्रमाण, १२५ किंवा १५० टक्के आहे आणि प्रोग्राम जुना आहे. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटी टॅब, तिथे हाय डीपीआय सेटिंग्ज, आणि स्केलिंग 'ॲप्लिकेशन'कडे द्या. घड्याळ लहान होईल पण अक्षर स्वच्छ येईल, मग फॉन्टच मोठा करा.

पांढरे अंक, पारदर्शक बॅकग्राउंड आणि दर तासाला बदलणारा वॉलपेपर हे एकत्र नांदत नाहीत, बारीक काळी किनार किंवा सावली द्या. ओएलईडी स्क्रीन असेल तर चकचकीत घड्याळ कायम एकाच कोपऱ्यात ठेवू नका, ठसा उमटायची भीती असते.

घड्याळ गायबच झालं असेल तर बहुतेक दुसरा मॉनिटर काढल्यामुळे ते स्क्रीनच्या बाहेर गेलंय, विंडोज की आणि शिफ्ट धरून बाणाची की दाबून बघा, नाही आलं तर सेटिंगमध्ये जागा रीसेट करा. आणि 'क्लिक थ्रू' (क्लिक घड्याळाच्या आरपार मागच्या खिडकीला लागणं) चालू केलंत तर घड्याळावर राइट क्लिक लागणारच नाही, रेनमीटरमध्ये कंट्रोल की दाबून धरली की लागतं, बाकी प्रोग्राममध्ये ट्रेमधल्या आयकॉनवरून बंद करा.

वेळच चुकीची

विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच मशीनवर असतील आणि वेळ नेमकी तुमच्या टाइमझोनच्या फरकाएवढी मागेपुढे होत असेल तर कारण ठरलेलं आहे, विंडोज मदरबोर्डवरची वेळ स्थानिक धरतं आणि लिनक्स यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ धरतं. दोघांपैकी एकाला बदला, दोघांना नको. प्रत्येक शटडाउननंतर तारीख काही वर्षं मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय, तो बदला. रोज एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होणं मात्र नॉर्मल आहे, क्वार्ट्झ क्रिस्टल तेवढा हलतोच, इंटरनेट टाइम सिंक चालू ठेवलं की झालं.

दुसऱ्या देशाचं घड्याळ लावताना यूटीसीचा फरक हाताने टाकू नका, शहराचं नाव निवडा. लंडन उन्हाळ्यात एक तास पुढे जातं, हाताने टाकलेला आकडा तिथेच राहतो आणि मीटिंग तासाभराने चुकते. लिनक्सच्या यादीत 'जीएमटी+५' असं दिसलं तर अजूनच सांभाळून, तिथे चिन्ह उलटं आहे, ते यूटीसीच्या पाच तास मागे असतं.

सेटिंग सेव्हच होत नाही

बहुतेक वेळा झिप फाइलच्या आतूनच प्रोग्राम चालवलेला असतो, त्यामुळे सेटिंग टेम्पररी फोल्डरमध्ये जातात आणि उडतात. आधी एक्स्ट्रॅक्ट करा. पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा, प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये टाकू नका, तिथे त्याला लिहायची परवानगी नसते, डॉक्युमेंट्समध्ये ठेवा. आणि जुनी आवृत्ती ट्रेमध्ये चालू असताना नवी उघडू नका, शेवटी जी बंद होते तिचीच सेटिंग फाइलवर उमटतात, शिवाय अलार्मही दोनदा वाजतात.