स्नेअर दाबला आणि हाय-हॅट वर आला

"ताई, माझा स्नेअर कुठे गेला? नुसता हॅटच वाजतोय."

स्नेअर म्हणजे ड्रम-संचातला कडक आवाजाचा ड्रम, हाय-हॅट म्हणजे पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी. ड्रमरचा हा फोन आला तेव्हा मी मिक्स करत असलेल्या तीन गाण्यांच्या ड्रम्सवर माझे अकरा दिवस गेले होते. धायरीतली दहा बाय बाराची खोली, आठ माइक, हात चांगला बसलेला मुलगा. रेकॉर्डिंग स्वच्छ झालं होतं, जरा जास्तच स्वच्छ. मला त्यात रांगडेपणा हवा होता. टेपवरून आल्यासारखा जाडपणा, कडांना थोडी खरखर, आणि ठोका पडला की खोली हलल्याचा भास. कम्प्रेसर लावून तो रांगडेपणा सापडला असं मला मनापासून वाटत होतं. त्याने गाडीत लावून ऐकलं आणि अर्ध्या मिनिटात फोन केला. फाइल पुन्हा उघडली तर त्याचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

कम्प्रेसर ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वरचा आवाज दाबतो; किती दाबायचा ते रेशो, किती लवकर ते अटॅक, किती लवकर सोडायचा ते रिलीज, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते. मला अडकवलं ते मेकअप गेनने, म्हणजे दाबलेला आवाज परत वाढवायच्या कळीने, म्हणून त्याच्यावरच सविस्तर लिहिते.

आकडे घेऊनच बघू. स्नेअरच्या माइकमध्ये स्नेअरचा ठोका उणे ६ डीबीला (डेसिबल; शून्य म्हणजे डिजिटलची कमाल पातळी) लागतोय आणि त्याच माइकमध्ये शिरलेला हाय-हॅट उणे २६ ला आहे. दोघांत २० डीबीचं अंतर. आता कम्प्रेसरने ठोका १० डीबी दाबला. ठोका उणे १६ वर आला. हॅट थ्रेशोल्डच्या खाली आहे, त्याला कोणी हात लावला नाही. मग आवाज कमी वाटतो म्हणून तुम्ही मेकअप गेन १० डीबी वाढवता. ठोका परत उणे ६ वर, अगदी होता तिथे. आणि हॅट? तो उणे १६ वर. म्हणजे तुम्ही स्नेअरला काहीच दिलं नाही, हॅटला मात्र १० डीबी उचलून दिलं. त्याच्यापुढे सॅच्युरेशन (आवाज मुद्दाम थोडा विकृत करणं) लावलंत तर ते ठोक्याचं टोक आणखी तीन-चार डीबी खाणार आणि अंतर सहा-सातवर येणार. वर हॅटची सगळी करकर वरच्या फ्रिक्वेन्सीत, तिच्यावर विकृतीचे नवे हार्मॉनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले सूर) चढले की ती कानात टोचायला लागते.

रिलीज जलद ठेवला की हे आणखी वाढतं. आमचं गाणं मिनिटाला ९६ मात्रांच्या टेम्पोत होतं, म्हणजे अर्ध्या मात्रेला साधारण ३१२ मिलिसेकंद. मी रिलीज ५० मिलिसेकंदांवर ठेवला होता. ठोका संपून पुढचा हॅट येईपर्यंत कम्प्रेसर पूर्ण सुटलेला, म्हणजे हॅट वाढवलेल्या गेनच्या पुरत्या जोराने बाहेर. कम्प्रेसर ठोका दाबतो असं आपण म्हणतो. ऐकू येतं ते मात्र ठोक्यांमधल्या जागेचं वर येणं. हे वाक्य मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर ते अकरा दिवस वाचले असते.

मग अकरा दिवस मला ऐकू का आलं नाही? कारण मोठा आवाज कानाला चांगलाच वाटतो. आवाज वाढला की खालची आणि वरची टोकं जास्त भरून ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. प्लगइन (कम्प्रेसरसारखं सॉफ्टवेअरमधलं साधन) चालू केलं की माझे ड्रम्स मोठे व्हायचे आणि मी त्याला "जिवंत" म्हणायचे. बंद केलं की बारीक, म्हणून "मेलेले". मी तुलना आवाजाच्या पातळीची करत होते आणि नाव देत होते अ‍ॅनालॉगचं.

म्हणून आता मी एक गोष्ट कधीच चुकवत नाही. चार मात्रांचा तुकडा लूपवर, डोळे मिटून, बायपास (प्लगइन वगळून ऐकायचं बटण) चालू-बंद, आणि दोन्ही बाजू सारख्याच मोठ्या ऐकू येईपर्यंत आउटपुट खाली. यात फक्त टोकं दाखवणाऱ्या पीक मीटरवर विसंबू नका. कम्प्रेशननंतर टोकं कमी आणि सरासरी जास्त असते, त्यामुळे पीक जुळवलेत तर दाबलेली बाजू मोठीच ऐकू येणार आणि तुम्ही पुन्हा फसणार. कानाने जुळवा, हवं तर शॉर्ट-टर्म एलयूएफएसने (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या मापाने) पडताळा. पहिल्यांदा जुळवलं तेव्हा माझी सातपैकी पाच प्लगइन्स बंद केलेलीच बरी वाटली. वाईट वाटलं, पण मिक्स त्याच दिवशी मोकळं झालं.

घाबरून कम्प्रेसर सोडून देऊ नका, हेही तितक्याच कळकळीने सांगते. ती खरखर खरी आहे आणि तिला कारणं आहेत. बिल पुटनम यांनी बनवलेल्या ११७६ या कम्प्रेसरचा अटॅक २० मायक्रोसेकंदांपर्यंत खाली जातो, रिलीज ५० मिलिसेकंदांपर्यंत. किकमधल्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रममधल्या) ६० हर्ट्झच्या एका लाटेला जवळजवळ १७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे गेन लाटेच्या पोटातच वर-खाली होतो आणि लाटेचा आकार मोडतो. ती मोड म्हणजेच तुम्हाला हवी असलेली खरखर. चारही रेशोची बटणं एकदम दाबून रूम माइक (खोलीचा आवाज घेणारा माइक) चिरडण्याची प्रथा त्यातूनच आली. आणि त्या यंत्राचा अटॅक उलटा आहे: ७ म्हणजे सर्वांत जलद, १ म्हणजे सर्वांत हळू. ठोक्याचं नाक जपायचं असेल तर १ कडे जा. त्याच्या बहुतेक प्लगइन्समध्येही तसंच असतं. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत तर एसएसएल कंपनीच्या कन्सोलवरचा (मिक्सिंगच्या टेबलावरचा) कम्प्रेसर फक्त वादकांचं बोलणं ऐकायच्या माइकसाठी बसवलेला होता. त्यातून ड्रम्स ऐकले गेले आणि तोच आवाज पुढे रेकॉर्डवर गेला.

टेपचं वेगळं आहे. रेकॉर्ड होताना वरच्या फ्रिक्वेन्सी मुद्दाम वाढवलेल्या असतात, त्यामुळे टेप आधी तिथेच भरते आणि झांजा मऊ पडतात. म्हणून मी टेपचं प्लगइन कम्प्रेसरच्या आधी ठेवते. बहुतेक प्लगइन्समध्ये उणे १८ डीबीएफएस (डिजिटलच्या कमाल पातळीच्या १८ डीबी खाली) म्हणजे ० व्हीयू (सुईच्या मीटरवरचं शून्य) धरलेलं असतं, पण ड्रम्ससाठी त्या सुईवर जाऊ नका. सुईला चढायला ३०० मिलिसेकंद लागतात, स्नेअरचा ठोका त्याच्या आत येऊन गेलेला असतो. सुई उणे १० दाखवत असते तेव्हा टोक कुठच्या कुठे पोचलेलं असतं.

आणि प्लगइनमधलं ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) चालू ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये ९ किलोहर्ट्झचा तिसरा हार्मॉनिक २७ ला पडतो, निम्म्याच्या म्हणजे २२.०५ च्या वर जागा नाही, तो दुमडून १७.१ ला येतो. झांजांवरचा तो बेसूर भुसा टेपचा नसतो.

त्या तीन गाण्यांचं पुढे असं केलं. स्नेअरचा मूळ ट्रॅक जवळजवळ तसाच ठेवला, फक्त क्लिपरने टोकं दोन-तीन डीबी छाटली. चिरडायचं काम वेगळ्या पॅरलल बसवर (मूळ आवाजात मिसळायच्या वेगळ्या वाहिनीवर) नेलं. तिथे किक, टॉम आणि गेटमधून (ठोक्याखेरीज बाकी आवाज बंद ठेवणाऱ्या साधनातून) आलेला स्नेअर, एवढंच. ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर लावलेले माइक) आणि हॅट त्या बसवर अजिबात नाहीत. बसवर आधी ६ किलोहर्ट्झच्या वरचं कापलं, मग सॅच्युरेशन, मग कम्प्रेसर बारा-पंधरा डीबी. कापायच्या फिल्टरने फेज (लाटेची वेळ) थोडी सरकते, म्हणून मूळ ट्रॅकशी मिसळताना पोलॅरिटी (लाटेची वर-खाली दिशा) उलटी करून दोन्हीकडून ऐका, जिथे किक भरते ती बाजू ठेवा. फेडर (पातळीची सरकती कळ) तळापासून वर आणा, बस ऐकू येऊ लागली की दोन डीबी मागे घ्या.

माइक लावतानाच हे अर्धं सुटतं. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणाऱ्या) माइकला सर्वांत कमी ऐकू येतं ते बरोबर त्याच्या पाठीमागे. ती पाठ हॅटकडे करा, हॅट चार बोटं उंच घ्यायला ड्रमरला विनवा. मिक्समध्ये दहा डीबी वाचवणारं प्लगइन शोधण्यापेक्षा ही पाच मिनिटं मोलाची.

प्रीसेटबद्दल (तयार सेटिंगबद्दल) माझं मत कडक आहे. "व्हिंटेज ड्रम स्मॅश" वगैरे नाव असलेल्या प्रीसेटला तुमच्या माइकमध्ये हॅट किती शिरलाय हे माहीत नसतं, आणि बहुतेक प्रीसेट आवाज वाढवूनच दाखवतात. गुरूंबद्दलही तेच. मी ज्यांच्या हाताखाली होते ते माझ्या हातातून माउस घ्यायचे, दोन मिनिटांत सगळं छान करायचे आणि चहाला जायचे. मला त्यातून काही आलं नाही. नंतर एका काकांनी माझं मिक्स ऐकून फक्त विचारलं, "सगळे फेडर सहा डीबीने खाली घेतलेस तरी आवडतंय का?" हात मात्र लावला नाही. असे गुरू शोधा.

एक अपवाद सांगते. ठोक्यांमधली जागा वर येते हा नियम ताशाला लागत नाही. पथकातल्या ताशाच्या काड्यांमध्ये जागाच नसते, त्यामुळे कम्प्रेसरला वर आणायला काही उरत नाही. तिथे उलट काडीचा टणत्कार जातो, म्हणून अटॅक हळू.

नवीन मिक्स त्याच मुलाला पाठवलं. त्याने गाडीत ऐकून लिहिलं, "आला स्नेअर." तिसऱ्या गाण्यात रूम माइक अजून जरा जास्त दाबलेत असंही लिहिलं. तो फेडर मी आत्ताच दीड डीबी खाली घेतलाय.