टोरोंटोत बर्फ वितळायला लागला, आता परसात कधी काय पेरायचं?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑफिसातून घरी पोचेपर्यंत चक्क उजेड असतो, त्या संध्याकाळचा आनंद नोव्हेंबरपासून अंधारात ये-जा करणाऱ्यालाच कळतो. पण टोरोंटो, मिसिसागा, ब्रॅम्प्टनला नवीन आलेल्यांनो, त्या आनंदात मिरचीची रोपं लगेच बाहेर काढू नका! इथला वसंत हप्त्याहप्त्याने येतो आणि प्रत्येक हप्त्यात करण्यासारखं काहीतरी असतंच.

मार्चमध्ये सगळं काम घरात. मिरची-वांग्याचं बी आधी लावा, बाहेर न्यायच्या आधी आठ-दहा आठवडे त्यांना हवेतच, टोमॅटोला सहा-सात पुरतात. मिरची उगवायला ऊब लागते म्हणून ट्रे घरातल्या गरम कोपऱ्यात ठेवायचा, पण कोंब दिसला रे दिसला की दक्षिणेकडच्या खिडकीत हलवायचा, नाहीतर रोपं उंच आणि लुकडी होतात. याच दिवसांत रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा वर असतो, त्यामुळे मेपलच्या झाडातून रस वाहायला लागतो. साधारण 40 लिटर रस आटवला की 1 लिटर सिरप होतं, पोरांना घेऊन जवळच्या शुगर बुशवर, म्हणजे जिथे हा रस काढून सिरप बनवतात त्या मेपलच्या राईत, जाऊन बघाच एकदा.

मग येतो चिखल. हात कितीही शिवशिवले तरी लगेच खणायचं नाही, ओली माती खणली की नंतर ढेकळं दगडासारखी होतात. मूठभर माती दाबून बघा, गोळा बोटाने टोचल्यावर सुटला तर करा सुरुवात, चिकटून राहिला तर अजून थांबा.

एप्रिलच्या मध्यापासून मेथी, पालक, मुळा, मटार, कोथिंबीर बिनधास्त पेरा, यांना थंडी आवडते आणि हलकं दव गोठलं तरी काही होत नाही. मेथी स्वयंपाकघरातल्या डब्यातलीच चालते, धणे तेवढे हलके रगडून दोन फाकी करून घ्या. कोथिंबीर एकदम सगळी पेरू नका, जूनचं ऊन लागलं की ती फुलावर येते, त्यापेक्षा दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी पेरलीत तर खूप दिवस पुरेल. मे महिन्यात आपल्या परसातल्या कोवळ्या मेथीची भाजी आणि गरम भाकरी, त्या घासाची सर दुकानातल्या जुडीला नाही!

एप्रिल संपता संपता हाय पार्कमध्ये चेरी फुलते. 1959 साली टोकियोने शहराला भेट दिलेल्या झाडांपासून याची सुरुवात झाली. बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, वारा-पाऊस आला तर तेवढाही नाही, म्हणून पुढच्या वीकेंडची वाट न बघता मधल्याच एखाद्या दिवशी सकाळी सबवेने जा. गर्दीच्या दिवसांत पार्कातले रस्ते गाड्यांना बंद ठेवतात.

आता मिरची, वांगी, टोमॅटो. इथले जुने बागकामवाले व्हिक्टोरिया डेपर्यंत थांबतात, म्हणजे 25 मेच्या आधीचा सोमवार, आणि ते बरोबरच आहे कारण दिवसा छान ऊन असलं तरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात एखादी रात्र गोठवून जाऊ शकते. लावायच्या आधी आठवडाभर रोपं रोज बाहेर ठेवायची, पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू वेळ आणि ऊन वाढवायचं. घरातली पानं एकदम उन्हात गेली की पांढरी पडतात. लावल्यावरही फ्रॉस्टची वॉर्निंग आलीच तर संध्याकाळी जुनी चादर टाका, सकाळी काढा.

भेंडी सगळ्यात शेवटी. माती चांगली गरम झाल्याशिवाय बी नुसतं कुजतं, म्हणून जून उजाडू द्या, बी रात्रभर भिजवा आणि थेट जागेवर पेरा, तिला मुळं हलवलेली अजिबात आवडत नाहीत. परस नसलं, अपार्टमेंटच असलं, तरी बाल्कनीत ऊन येत असेल तर खाली भोकं असलेली खोल बादली घ्या, दोन भेंड्या आणि एक मिरची आरामात होते.