रूबीतला पोकेमॉन स्विचपर्यंत कसा न्यायचा

१९९६ च्या मूळ पोकेमॉन गेम्सच्या कार्ट्रिजमधले पोकेमॉन पुढे नेता येत नाहीत. २००२ च्या रूबी-सफायर या गेम्समध्ये डेटाची रचनाच बदलली. रूबीपासून मात्र वाट आहे, पण एकेरी. एकदा पुढे गेलेला पोकेमॉन मागे येत नाही.

आधी रूबीतल्या लिलीकोव्ह शहरातल्या मूव्ह डिलीटरकडून (चाली विसरायला लावणारं पात्र) सर्फ, फ्लायसारख्या एचएम चाली, म्हणजे एरवी विसरता न येणाऱ्या खास चाली, पुसून घ्या. बहुतेकजण इथेच अडतात, कारण अशी चाल असलेला पोकेमॉन पाल पार्क (डायमंड या पुढच्या गेममधली, जुने पोकेमॉन आणण्याची जागा) घेतच नाही. मग निन्टेंडोच्या मूळ डीएस किंवा डीएस लाइट या हातातल्या कन्सोलच्या खालच्या खाचेत रूबी आणि वर डायमंड घाला. डीएसआयला ती खाच नाही. डायमंडमध्ये नॅशनल डेक्स (सगळ्या पोकेमॉनची यादी) मिळालेला हवा. एका वेळी ६ पोकेमॉन जातात.

पुढे ब्लॅक किंवा व्हाइट हे त्यानंतरचे गेम: मुख्य कथा संपल्यावर रूट १५ वरची प्रयोगशाळा. दोन डीएस लागतात, आणि एचएमची अट इथेही आहे.

शेवटी ३डीएस. ट्रान्सपोर्टर (३डीएसवरचं अ‍ॅप) ब्लॅक-व्हाइटच्या फक्त पहिल्या बॉक्समधले पोकेमॉन उचलतो, म्हणजे ३०. तिथून बँक (३डीएसवरचं पोकेमॉन साठवण्याचं अ‍ॅप), मग होम (स्विचवरचं तसंच अ‍ॅप); या टप्प्याला होमचं सशुल्क सदस्यत्व लागतं. मार्च २०२३ मध्ये ३डीएसचं ई-शॉप (ऑनलाइन दुकान) बंद झालं, त्यामुळे बँक आधीच घेतलेला ३डीएस शोधा, बाकीची जमवाजमव नंतर.