प्रवाळ फिकं पडतंय? आधी थर्मामीटर बघा

मे महिन्यात घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतलं प्रवाळ मलूल दिसलं की औषधांच्या मागे लागू नका. पाणी २५ ते २७ अंशांवर हवं. ३० च्या वर बरेच दिवस राहिलं, तर प्रवाळ आपल्या पोटातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पाण्यावर पंख्याचा झोत सोडा. पण मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद, म्हणून पंख्याचा गुणही कमीच येतो. खोलीत एसी किंवा टाकीला चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) असला तर फार बरं. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज आरओचं गोडं पाणीच घाला. मीठ उडत नाही, त्यामुळे खारं ओतलंत तर क्षारता चढत जाते. ती ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) आसपास राहू द्या. आणि जुहूचं समुद्राचं पाणी, कृपा करून, आणू नका.